ज्याला हात लावला नाही, ते दाखवा

पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन काम संपवून शिडी खांद्यावर घेऊन निघाला होता. पंखा उत्तम फिरत होता. कार्यालयातल्या सगळ्यांनी वर पाहिले आणि समाधानाने माना डोलावल्या. कुमुदताई वानखडे यांनी वर पाहिले नाही. त्या उठल्या आणि खोलीतले दिवे एकेक करून लावू लागल्या. मग त्यांनी दारावरची घंटा वाजवली. मग पाणी गार करण्याचे यंत्र पाहिले, संडासातला दिवा पाहिला, आणि खाली उतरून शेजारच्या चष्म्याच्या दुकानात वीज सुरू आहे काय, हे विचारून आल्या. वायरमन दारात खोळंबला होता.

"बाई, पंखा त पाहा," तो म्हणाला.

"पंखा तू पाह्यला ना? ज्याले हात लावला नाही, ते दाखव."

संडासातला दिवा लागत नव्हता. तो आधीपासूनच बंद होता, असे वायरमनचे म्हणणे. सकाळी लागत होता, असे कुमुदताईंचे. त्यांना ते ठाऊक होते, कारण शिडी आत येण्यापूर्वी त्यांनी तो लावून पाहिला होता. वायरमनने शिडी पुन्हा उघडली. मी सगळी नोकरी वीज खात्यात काढली. असा प्रश्न विचारणारे माणूस मला निवृत्तीपर्यंत भेटले नाही, याबद्दल मी खात्याच्या वतीने दैवाचा आभारी आहे.

निवृत्तीनंतर मी अमरावतीतल्या एका छोट्या कंपनीत व्यवस्थापक झालो. ही कंपनी रुग्णालयांसाठी संगणकप्रणाली तयार करी. चहा वेळेवर येतो की नाही हे पाहणे, आणि दोन माणसे भांडू लागली की तिसऱ्या खोलीत जाणे, हे माझे काम. कुमुदताई तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. विभागात त्या एकट्याच असल्यामुळे प्रमुखपदाविषयी कधी वाद झाला नाही.

त्यांचे काम समजायला सोपे आहे आणि पटायला अवघड. प्रणालीत दोष निघतो. रुग्णालय तक्रार करते. आमचा प्रोग्रामर तो दोष काढतो. दोष गेला, हे सगळे पाहतात आणि आनंदतात. त्या दुरुस्तीने आणखी काय मोडले, हे कोणी पाहत नाही, कारण तिकडची तक्रार अजून आलेली नसते. एकदा एका डॉक्टरच्या नावातले शुद्धलेखन आम्ही सुधारले. नाव शुद्ध झाले. त्याचे सगळे रुग्ण मात्र यादीतून नाहीसे झाले, कारण ते जुन्या अशुद्ध नावाला बांधलेले होते. असे काही होऊ नये म्हणून प्रत्येक बदलानंतर पूर्वी चालत असलेले सगळे पुन्हा चालवून पाहायचे असते. या कामाला इंग्रजीत एक भारदस्त नाव आहे. आमचे मालक ते नाव उच्चारीत आणि काम टाळीत. कुमुदताई त्याला 'मागचं पाहणं' म्हणत आणि करीत. त्यांची सही झाल्याखेरीज कोणतीही दुरुस्ती बाहेर जात नसे.

मालक निनाद. वय तिशीचे. पुण्यात काही वर्षे राहून आलेला, त्यामुळे त्याचे मराठी स्वच्छ होते आणि इंग्रजी त्याहून जास्त वेळा येई. 'पुढे पाहू या' हे त्याचे आवडते वाक्य. कुमुदताई त्याला बाबू म्हणत. त्याने एकदा मला सुचवले की कार्यालयीन संबोधन वेगळे असावे. मी ते कुमुदताईंना कळवले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "बाबूनं सांगतलं काय हे?"

त्या स्वतः संख्याशास्त्राच्या एम.एस्सी. होत्या, आणि हे कोणी विसरू नये याची काळजी घेत. आधी एका महाविद्यालयात शिकवीत. तेथल्या प्राचार्यांनी वेळापत्रकातला एक घोळ दुरुस्त केला, तेव्हा या दुरुस्तीने कोणते नवे घोळ झाले ते कुमुदताईंनी त्यांना भर बैठकीत वाचून दाखवले. प्राचार्यांनी त्यांचे कौतुक केले आणि पुढच्या वर्षी त्यांना बोलावले नाही.

कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा आणि दोन्ही मनगटांवर घड्याळे. उजव्या हातावरच्या घड्याळाचे कारण विचारले, तर सांगत की डाव्या हातावरच्याचा पट्टा एकदा बदलून घेतला होता. पट्टा बदलल्याने वेळ कशी चुकेल, असे निनादने विचारले. "चुकली नाही अजून," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही मनगटे जुळवून पाहिली.

दातांच्या डॉक्टरकडे मी एकदा त्यांच्या सोबत होतो. माझीच दाढ काढायची होती. त्यांची एक दाढ भरून झाली. डॉक्टर हात धुवायला वळले, तरी या खुर्चीतून उठेनात. बाकीचे दात ठोकून पाहा, असा त्यांचा आग्रह. डॉक्टर हसून म्हणाले, बाई, मी एकाच दाढेला हात लावला. "म्हणूनच म्हणून राहिली," कुमुदताई म्हणाल्या. डॉक्टरांनी सगळे दात ठोकले. प्रत्येक दाताला त्या मान हलवत. शेवटी त्यांनी निकाल दिला, "पहिलेसारखं आहे." डॉक्टरांना ही तक्रार वाटली. कुमुदताईंकडचे सर्वोच्च प्रमाणपत्र तेवढेच होते. 'छान', 'उत्तम', 'शाबास' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

वर्षातून एकदा कार्यालयाचे रोडग्यांचे, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, जेवण असे. एके वर्षी तरुण मंडळींनी वांग्याच्या भाजीच्या जोडीला पनीर ठेवले. सगळे पनीरभोवती गोळा झाले. चांगले झाले होते, असे ऐकतो. कुमुदताईंनी पनीर घेतले नाही. त्यांनी रोडगा फोडला. आत कच्चा होता. एरवी निखाऱ्यांपाशी बसून रोडगे फिरवणारा आचारी पनीर कसे होते ते पाहत उभा होता. आम्ही त्या दिवशी पनीर आणि वरण जेवलो. कुमुदताई समाधानी दिसत होत्या.

हे सांगितलेच पाहिजे. काही मोडलेले सापडले की त्यांना आनंद होई, आणि तो लपवण्याचे सौजन्य त्यांच्याकडे नव्हते. अशा माणसाबरोबर रोज काम करणे सोपे नसते. बहुतेक वेळा तर काही सापडतच नसे. त्या दिवस घालवून मागचे सगळे पाहत, शेवटी 'पहिलेसारखं आहे' म्हणत, सही करीत, आणि निनाद भिंतीवरच्या घड्याळाकडे पाही. जे मोडले नाही ते मोडले नाही हे शोधण्यात एक पूर्ण पगार जातो, हे त्याच्या मनातून जात नव्हते. त्याची बाजू अगदीच चुकीची होती असे नाही. फक्त ती कुमुदताईंसमोर मांडण्याची हिंमत त्याला होत नव्हती.

प्रोग्रामर इम्रान. अकोल्याचा, जुन्या शहरातला. बुद्धीने तल्लख, हाताने जलद, आणि स्वतःच्या कामाबद्दल निश्चिंत. त्याचा आणि कुमुदताईंचा संवाद ठरलेला असे.

"ताई, एकच लाइन बदलवली. बस, एक."

"एकच? मंग त पूर्णच पाहा लागन."

"काहून?"

"दहा बदलवल्या असत्या त तूच घाबरून पाह्यलं असतं."

इम्रान कपाळावर हात मारी. पण कुमुदताईंखेरीज दुसऱ्या कोणाला आपले काम दाखवून तो खुश होत नसे, हेही माझ्या ध्यानात आले होते.

अकोल्याच्या एका मोठ्या रुग्णालयाची तक्रार आली ती त्यांच्या रक्तपेढीतून. रुग्णाला द्यायच्या रक्ताच्या पिशवीला एक चिठ्ठी बांधतात. तिच्यावर रुग्णाचे नाव आणि रक्तगट असतो. ही चिठ्ठी आमची प्रणाली छापी. आमच्या वऱ्हाडात नावे ऐसपैस. स्वतःचे नाव, मग नवऱ्याचे किंवा वडिलांचे रावासकट, मग आडनाव. चिठ्ठीवर रावापर्यंत जागा संपे आणि आडनाव गळून पडे. एकाच दिवशी दोन सुनंदा ज्ञानेश्वरराव दाखल झाल्या आणि परिचारिकांची तारांबळ उडाली. तक्रार रास्त होती. इम्रानने नाव दोन ओळींत छापण्याची सोय केली. आडनाव दिसू लागले.

त्याच आठवड्यात त्या रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन होते. मंत्री येणार होते आणि कळ दाबून नवी प्रणाली सुरू करणार होते. निनादला दुरुस्ती ताबडतोब पाठवायची होती. कुमुदताई म्हणाल्या की मागचे पाहून होईल तेव्हा पाठवू. शिवाय चिठ्ठीचे छपाईयंत्र अकोल्याला आहे, तेव्हा अकोल्याला जावे लागेल.

त्या दिवशी निनादला हिंमत झाली. मंत्र्यांच्या नावाने ती अनेकांना होते.

तो म्हणाला की नाव पूर्ण येते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. बदल नावात केला, रक्तगटाला कोणी शिवलेलेही नाही. प्रत्येक वेळी सगळे पुन्हा पाहणे ही चैन आपल्याला परवडत नाही. मग त्याने अट घातली. ती मी त्याच्याच शब्दांत देतो.

"जा अकोल्याला. पण या वेळी काही सापडलं नाही, तर यापुढे जे दुरुस्त केलं तेवढंच तपासायचं. मागचं पाहणं बंद. कायमचं."

"चालन," कुमुदताई म्हणाल्या. "अन् सापडलं त?"

याचा विचार त्याने केलेला नव्हता. तो हसला. "तर तुम्ही म्हणाल तसं."

मी तिसऱ्या खोलीत जाण्याच्या बेतात होतो. कुमुदताईंनी मला साक्षीला थांबवले आणि अकोल्यालाही नेले.

बडनेऱ्याहून गाडी धरली. इम्रान खिडकीशी बसून गाणी ऐकत होता. कुमुदताई डबा मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. मूर्तिजापूर सुटल्यावर म्हणाल्या, "नाही सापडलं त मी घरी बसणार, भाऊसाहेब. अर्धं काम मले करता येत नाही." एवढेच. त्यांचे यजमान पुरुषोत्तमराव काही वर्षांपूर्वी गेले होते. घरी बसणार म्हणजे कोणासमोर बसणार, हे मी विचारले नाही.

कुमुदताईंची तपासणीची एक रीत होती. परीक्षेसाठी खोटा रुग्ण लागतो. इतर लोक त्याला 'अबक' असले काही नाव देतात. कुमुदताई स्वतःचे नाव घालीत. कुमुदिनी पुरुषोत्तमराव वानखडे. त्यांचे म्हणणे असे की खोट्या नावाच्या रुग्णाला काही झाले तर कोणाला काही वाटत नाही. त्यामुळे आमच्या प्रणालीत त्या असंख्य वेळा दाखल झाल्या, बाळंत झाल्या, एकदा जुळ्यांना जन्म दिला, अनेकदा मृत घोषित झाल्या आणि त्यानंतर औषधे घेऊन घरी गेल्या.

रक्तपेढीत त्यांनी आधी बाकी सगळे पाहिले. रक्तदात्यांची नोंद, पिशव्यांच्या मुदती, साठा. सगळे पहिलेसारखे. मग चिठ्ठ्या. एकेका रक्तगटाची चिठ्ठी आधी आखूड नावाने छापायची, मग त्यांच्या नावाने. यंत्र कुरकुर करीत चिठ्ठी बाहेर टाकी. त्या ती हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचीत आणि बाजूला ठेवीत. निनादचा फोन आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. इम्रान मवाळ आवाजात म्हणाला, "ताई, झालं. आता एकच गट राह्यला." मला वाटते, त्याला त्यांच्याबद्दल वाईट वाटत होते.

राहिलेला गट एबी निगेटिव्ह. आखूड नावाने चिठ्ठी बरोबर आली. मग कुमुदिनी पुरुषोत्तमराव वानखडे. नाव दोन ओळींत, आडनावासकट पूर्ण. खाली रक्तगट. एबी. बस, एवढेच.

रक्तगट इंग्रजी अक्षरांत छापला जाई, आणि सगळ्या गटांत हा लांबीला मोठा, एबी पॉझिटिव्हपेक्षाही केसभर. जागा कमी पडली, की त्यातला 'निगेटिव्ह' हा शब्द खालच्या ओळीत उतरे. नाव एका ओळीत होते तोपर्यंत खालची ओळ चिठ्ठीवर होती. नाव दोन ओळींचे झाले आणि ती ओळ चिठ्ठीच्या काठाबाहेर गेली. रक्तगटाला कोणी शिवलेलेही नव्हते, हे निनादचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

इम्रानने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "हे त पहिले येत होतं."

"पहिले येत होतं. म्हणूनच त मी आली."

निनाद फोनवर होता. त्याचे म्हणणे असे की पिशवी देण्याआधी रक्तपेढीतला माणूस रक्त जुळवून पाहतोच. चिठ्ठी चुकली तरी तो पकडेल. एवढ्यासाठी उद्घाटन अडवू नये. कुमुदताईंनी फोन माझ्या हातून घेतला.

"तो पकडन म्हणून आपण सोडून द्याचं. अन् कंपनीवाल्यायनं पाह्यलं असन म्हणून तो सोडून देईन. मंग पेशंटनं कोणाकडे पाहाचं, बाबू?"

त्यांनी फोन मला परत दिला, डबा उघडला आणि भाकर-ठेचा इतक्या चवीने खाल्ला की रक्तपेढीतला तंत्रज्ञ पाहत राहिला. इम्रानने तासाभरात दुरुस्ती केली. कुमुदताईंनी हात धुतले आणि रक्तदात्यांच्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात केली.

"पुन्हा पूर्ण?" इम्रान म्हणाला.

"तू पुन्हा हात लावला ना?"

उद्घाटन ठरल्याप्रमाणे झाले. मंत्र्यांनी कळ दाबली. ती कळ कशालाही जोडलेली नव्हती, आणि टाळ्यांत काही फरक पडला नाही. दुरुस्ती नंतर, सही होऊन गेली. निनादने कार्यालयात केक कापला आणि तत्परतेने दोष काढल्याबद्दल इम्रानला पुष्पगुच्छ दिला. दोष दाखवणाऱ्याला काय द्यावे, याचा रिवाज आमच्याकडे नाही. इम्रानने तो गुच्छ कुमुदताईंच्या मेजावर नेऊन ठेवला. त्यांनी तो उचलून खिडकीत ठेवला आणि मेजावरचे सगळे जागच्या जागी आहे की नाही ते पाहिले.

मागचं पाहणं चालू राहिले. काही वर्षांनी निनादने ते काम आपोआप करणारी प्रणाली आणली. तिला काय काय पाहायचे ते कुमुदताईंनी शिकवले, आणि ती शिकली. आपल्या निरोपाच्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला. या प्रणालीत दुरुस्ती झाली, तर तिचे मागचे कोण पाहणार? निनाद म्हणाला, पुढे पाहू या.

त्या अकोल्याला भाचीकडे राहायला गेल्या. तेथे न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया त्याच रुग्णालयात झाली. पुढे काही आठवड्यांनी त्या गेल्या. हाड शेवटपर्यंत उत्तम होते.

शस्त्रक्रियेनंतर मी भेटायला गेलो, तेव्हा तरुण डॉक्टर त्यांना क्ष-किरणाचे चित्र दाखवीत होता. हाड फार सुरेख बसले होते आणि त्याला ते कोणाला तरी दाखवायचे होते. कुमुदताईंनी चित्राकडे पाहिले नाही.

"ते तुमी केलं. ज्याले हात लावला नाही, ते पाहा."

मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली. दुसरा पाय हलवला. बोटे एकेक करून मिटली आणि उघडली. एक कान झाकून घड्याळाची टिकटिक ऐकली, मग दुसरा. प्रत्येक वेळी 'पहिलेसारखं आहे' म्हणाल्या. शेवटी छातीवर हात ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या, "दम पहिले लागत नव्हता." डॉक्टर हसला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. त्याने त्याच दिवशी हृदयाची तपासणी करवली. दोष वेळेवर सापडला. त्याची दुरुस्ती मात्र कोणाकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. त्यांना रक्त चढवीत होते. पिशवीला चिठ्ठी बांधलेली होती. त्यांनी चष्मा मागितला. मी दोरी त्यांच्या गळ्यात अडकवली आणि चिठ्ठी दोऱ्यासकट त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. कुमुदिनी पुरुषोत्तमराव, एक ओळ. वानखडे, दुसरी. खाली बी पॉझिटिव्ह. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले. मग बोटाने खूण केली, आणि मी चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. तीही त्यांनी पाहिली.

"पहिलेसारखं आहे," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी नाही," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.